फुंग जेच्या नावावरचा लाल कागद

फुंग जे मेली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या आठवड्यात होइ वान मंदिरातल्या मंडळींना तेवढंच एक सांगताना माझ्या नाकी नऊ आले होते.

१३ ऑक्टोबर २००८, सोमवार. चिनी नवव्या महिन्याची पौर्णिमा. दर प्रतिपदेला आणि पौर्णिमेला ती देवळात जायची आणि परतताना माझ्याकडे कॉफी प्यायची. त्या दिवशी आठ वाजायच्या आत आली, छत्री न मिटताच स्वयंपाकघरात शिरली आणि स्टुलावर बसली. पांढरा सदरा, काळी विजार, चापून घातलेला अंबाडा. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण सदऱ्याला सुरकुती नाही.

"आ-लान, मी मेले," ती म्हणाली. "देवळात तसं लावून ठेवलंय."

चौदाव्या वर्षी ती एकटी चीनमधल्या शुनदेहून बोटीत बसून पेनांगला आली. पहिल्याच आठवड्यात होइ वानच्या देवीसमोर तिनं वेणी सोडून स्वतःच्या हातानं अंबाडा घातला. आमच्याकडे अंबाडा लग्नाच्या दिवशी दुसरं कुणीतरी घालून देतं. जी स्वतः घालते तिनं लग्न नाकारलेलं असतं, कायमचं. मग ती घरोघर स्वयंपाक करत राहिली. मी पाच वर्षांची असताना आमच्या घरी आली; तिला सगळे फुंग जे म्हणायचे, म्हणजे फुंगताई. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला ॲग्नेस केलं, पण फुंग जेच्या जिभेला ते नाव कधी मानवलं नाही. पुढे माझं लग्न झाल्यावर तिनं आईला सरळ सांगितलं, पोरीला मासा उकडता येत नाही, मी तिच्याबरोबर जाते. माझे दोन्ही मुलगे तिच्या हातचं खाऊन वाढले. ती रागीट म्हणून साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होती. मासळीवाला तिला शिळा मासा दाखवायचीही हिंमत करत नसे.

अशा बायकांना पोटचं कुणी नसतं. मेल्यावर उदबत्ती कोण लावणार? म्हणून १९७१ साली तिनं आणि तिच्या सहा मानलेल्या बहिणींनी होइ वानच्या बाजूच्या दालनात सात जागा घेतल्या आणि एका ओळीत सात लाकडी पाट्या बसवल्या, सोनेरी अक्षरांत प्रत्येकीचं नाव. माणूस जिवंत असेपर्यंत नावावर लाल कागद चिकटवलेला असतो. माणूस गेलं की शंभराव्या दिवशी जवळच्या कुणीतरी तो काढायचा. त्याआधी त्या नावासमोर अन्न ठेवायचं नाही. सहा बहिणी एकेक करून गेल्या. सहाही वेळा कागद फुंग जेनं काढला. शेवटच्या वेळी मी बरोबर होते. कागद नीट घडी करून तिनं कनवटीला लावला आणि मला म्हणाली, माझा तू काढायचास. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी हो म्हटलं होतं.

देवळाची दुरुस्ती चौदा महिने चालली होती. बाहेर परांची, आत फक्त देवीचा गाभारा उघडा. बाजूचं दालन त्या सोमवारी उघडलं, आणि कामगारांनी सातव्या पाटीवरचा कागद खरवडून काढला होता.

मी कॉफी ओतत होते. म्हटलं, कागदच ना, फुंग जे, परत चिकटवू.



"कॉन्व्हेंटात एवढंच शिकवलं तुला?" असं म्हणून तिनं तो भरलेला कप मोरीत ओतला, विसळून पालथा ठेवला आणि ती निघून गेली.

ते वाक्य मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलंय, माझं आणि तिचंही. माझं वाचून अजून माझाच मला राग येतो.

मी चपला घालून तिच्या मागे गेले. देवळात नव्या व्हार्निशचा वास. शंभर वर्षांच्या धुरानं काळे झालेले खांब पॉलिश केलेल्या टेबलासारखे चकाकत होते. उदबत्त्या आता बाहेरच्या भांड्यात, माणशी तीनच. दाराशी बाकावर म्हाताऱ्या बसून भाजी निवडायच्या, तिथे तिकिटाची खिडकी. शुक्रवारी, म्हणजे देवीच्या दिवशी, कोणी मोठे पाहुणे येऊन उद्घाटन करणार होते. आणि बाजूच्या दालनात सात पाट्या, सातही एकसारख्या उघड्या. प्रत्येकीसमोर चहाचा इवलासा नवा पेला. सहा मेलेल्या आणि सातवी माझ्या शेजारी उभी, तिच्या घशातून श्वासाचा आवाज येत होता.

खाली तीन भाषांत एक फलक लावलेला. इंग्रजी मला वाचता येतं, तिला नाही. तिनं विचारलं काय लिहिलंय. मला वाचावं लागलं: दिवंगत मोलकरणींच्या स्मृतिपाट्या.

"मोलकरीण कोण?" ती म्हणाली. "मी स्वयंपाकीण आहे."

दिवंगत या शब्दाबद्दल ती काही बोललीच नाही. माझं डोकं मात्र तिथे फिरलं. ज्यानं तो फलक छापला, त्याला त्या सातजणींपैकी एक दर पंधरा दिवसांनी त्याच्याच दारातून आत येते, एवढीही खबर नव्हती.

मंगळवारी आम्ही विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो. तौके, म्हणजे शेठ, यीप कोक-वेंग. त्यांची हॉटेलं आहेत. त्यांची आजी त्याच देवळात जमिनीवर बसून नामजप करायची, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणी ओळखलं नसतं. चहा मागवला. पोपो, पोपो, म्हणजे आजी, आजी म्हणत आर्जवानं बोलले. जीर्णोद्धार करणाऱ्या तज्ज्ञांचं म्हणणं, पाट्या मूळ लाकडात आणि मूळ सोन्यात दिसायला हव्यात. कागद जुना होता, वाळवीनं खाल्लेला. शुक्रवारचा समारंभ उरकला की नवा लावू. शेवटी ते हसून म्हणाले, पोपो ठणठणीत आहेत हे सगळ्या जगाला दिसतंच आहे की.

"जगाला दिसतं," फुंग जे म्हणाली. "खाली पाताळातल्यांना नाव वाचूनच कळतं. शुक्रवारी तुमचा पुरोहित मेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचणार आणि त्यांना जेवायला बोलावणार. मलाही बोलावणार. मी गेले तर?"

तिची मागणी साधी होती. शुक्रवारच्या आत कागद लागला पाहिजे. ज्यानं काढायला सांगितलं त्याच्याच हातानं. आणि देवीसमोर त्यानं मोठ्यानं म्हटलं पाहिजे की लियोंग साउ-फुंग जिवंत आहे, चूक आमची झाली.

यीपनी घड्याळाकडे पाहिलं. कागदाचं बघतो म्हणाले. देवीसमोर बोलण्याचं काही खरं नाही, चार लोकांत मंडळाची शोभा होते. मी त्यांना विचारलं, तुमच्या आईची पाटी कुणी अशी खरवडली असती तर तुम्ही समारंभ उरकेपर्यंत थांबला असता का? ते म्हणाले, त्यांची आई हयात आहे. मी म्हटलं, तेच म्हणतेय मी.

 चहा तसाच सोडून आम्ही उठलो.

गुरुवारी त्यांच्या ऑफिसातली बाई माझ्या घरी एक गुंडाळी देऊन गेली. लाल कागद. वाढदिवसाला भेटवस्तूंना गुंडाळतात तो, चकचकीत, त्यावर सोनेरी फुगे छापलेले. सोबत चिठ्ठी: पोपोंना आवडेल तसा कापून घ्यावा.

तिच्यापासून लपवावा असं मला वाटलं होतं. पण ती मागच्या दारानं आत आली आणि तिनं पाहिला. फुगे बोटानं मोजले. मला वाटलं फाडेल, पण तिनं उलटा करून त्यावर कोलंबी सोलली, सालं त्यातच गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग बाजारात जाऊन उदबत्त्यांच्या दुकानातून साधा लाल कागद घेऊन आली, हातभर. मापानं कापला, घडी केली आणि सहा जुन्या घड्यांबरोबर कनवटीला लावला.

मी म्हटलं, आपणच जाऊन लावू या. ती म्हणाली, मी लावला तर चूक माझी होते.

शुक्रवारी सकाळी नऊला देऊळ भरलं होतं. पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, फोटो काढणारे मध्ये लुडबुडत. म्हाताऱ्यांना मागे दोरीच्या पलीकडे उभं केलं होतं. फुंग जे दोरी वर उचलून खालून गेली. एका स्वयंसेवकानं हात आडवा केला. तिनं त्याच्या हाताकडे असं पाहिलं की तो त्यानं खिशात घातला. मी तिच्या मागे. बाजूच्या दालनासमोर लांब टेबल मांडलेलं, शाकाहारी जेवण, प्रत्येक पाटीसाठी भाताची एक वाटी आणि भातात उभ्या खोचलेल्या जेवणाच्या काड्यांची जोडी. तशा उभ्या काड्या फक्त मेलेल्यांच्या भातात असतात. सातव्या वाटीतही होत्या.

पुरोहितानं घंटा वाजवली आणि नावं वाचायला सुरुवात केली. लांब यादी होती. एकेक नाव, मग घंटा. सहा बहिणींची नावं ओळीनं आली. प्रत्येकीच्या नावाला फुंग जेनं मान लववली.

"लियोंग साउ-फुंग."

"हजर," फुंग जे म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता. पण घंटा वाजलीच नाही, पुरोहिताचा हात तसाच वर राहिला. लहानपणी मी शाळेतली हजेरी स्वयंपाकघरात खेळायची, तेव्हा ती भाजी चिरता चिरता तशीच उत्तर द्यायची.

ती टेबलापाशी गेली. सातव्या वाटीतल्या काड्या तिनं उपसल्या, सदऱ्याच्या टोकाला पुसल्या, वाटी हातात घेतली आणि उभ्या उभ्या भात खाऊ लागली. मागच्या म्हाताऱ्यांत कुणीतरी किंचाळलं. यीप लगबगीनं आले. गर्दीत त्यांना आवाज चढवता येईना. दात आवळून ते म्हणाले, पोपो, हे अन्न खायचं नसतं, अशुभ आहे.

"माझ्या नावानं बोलावलंत, मी आले," ती घास गिळून म्हणाली. "भात कच्चा आहे. मेलेल्यांना कळत नाही असं वाटलं का?"

दोरीपलीकडच्या म्हाताऱ्यांमधून हसू फुटलं. पाहुण्यांपैकी एका बाईंनी काय चाललंय ते विचारलं. मी जागेवरून सांगितलं, इंग्रजीत, सिस्टरनी शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात, तारखांसकट. कोलंबीच्या सालांसकट. मला थांबवायला कुणी पुढे आलं नाही. माझं संपलं तेव्हा यीपच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

फुंग जेनं कनवटीतून नवा लाल कागद काढून त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, खळ नाही इथे.

"हा घ्या," तिनं वाटी पुढे केली. "चुरा."

हॉटेलांचे मालक यीप कोक-वेंग यांनी, सगळ्यांसमोर, अंगठ्यानं भाताची शितं चुरली. भात खरंच कच्चा होता. पहिल्यांदा कागद खाली पडला. दुसऱ्यांदाही. ती बाजूला उभी राहून सांगत होती, आणखी, कोपऱ्यात आणखी. तिसऱ्यांदा कागद धरला. मग देवीकडे तोंड करून त्यांनी ते वाक्य म्हटलं.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. पुरोहितानं यादीतल्या त्या नावावर काट मारली आणि पुढचं नाव वाचलं.

मग ती माझ्याबरोबर घरी आली. दाराशी पोहोचल्यावर म्हणाली, कॉफी कर. सोमवारची राहिली आहे.

ती आणखी अडीच वर्षं जगली. ६ जून २०११ रोजी दुपारी गेली, माझ्या घरी, झोपेत. शंभरावा दिवस १३ सप्टेंबर, मंगळवार. तोपर्यंत त्या सात पाट्यांवर काच बसवली होती आणि काचेला कुलूप. किल्लीसाठी अर्ज करावा लागला, दोन प्रतींत. मंडळानं उलट कळवलं की असा विधी आता दुर्मीळ झाला आहे, तर चित्रीकरणाला परवानगी द्यावी, माहितीपटासाठी उपयोगी पडेल. मी त्याच कागदाच्या पाठीवर "नाही" लिहिलं आणि परत पाठवला.

काच उघडल्यावर मी नखानं कडा सैल केली. तीन वर्षांची शितं दगडासारखी झाली होती. कागद एका तुकड्यात निघाला, पण शितं काही सोन्यातून सुटेनात. किल्लीवाला माणूस म्हणाला, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, मॅडम, वाईट दिसतं.

मी त्याला सांगितलं, यातल्या एकाही शिताला हात लावायचा नाही.