सासूबाईंचा काना

संस्थेत त्यांना सगळे ‘सूर्यवाल्या बाई’ म्हणत. दूरदूरच्या ताऱ्यांवर काम करणारे तिथे पुष्कळ होते, सूर्यावर मात्र त्या एकट्याच. गच्चीवरची दुर्बीण, तिच्याखालची अरुंद खोली, दारामागे खुंटीवर टोपी आणि कायमचं रापलेलं नाक, एवढा त्यांचा कारभार. जो तारा रोज न बोलावता दारात येतो, त्याची किंमत कोणाला? अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच.

आणि आता त्या दुर्बिणीवरच गदा आली होती. संस्थेने प्रत्येकाच्या संशोधनाचा प्रभाव मोजायला काढला होता. तुमच्या लेखांचा हवाला इतरांनी आपल्या लेखांच्या शेवटी किती वेळा दिला, यावरून एक आकडा काढायचा. आकडा लहान असेल तर गाशा गुंडाळायचा. शेजारच्या खोलीतल्या ताऱ्यावाल्यांचा आकडा आला बेचाळीस. बाईंचा अकरा. उभा जन्म उन्हात काढला आणि हाती आले अकरा. त्या दिवशी बाई डबा न उघडताच घरी गेल्या.

खरं तर त्यांनी एक भारी काम करून ठेवलं होतं. सूर्याच्या चित्रात डाग दिसला, की तो सूर्यावरचा की भिंगावरच्या धुळीचा, यावरून भलेभले फसत. बाईंनी संगणकासाठी एक प्रोग्राम लिहिला. तो चित्र तपासायचा आणि जिथे खोट असेल तिथे लाल वर्तुळ काढायचा. एकही चित्र बिनबोभाट पुढे जाऊ द्यायचा नाही.

असा स्वभाव बाईंनी आयुष्यात एकाच व्यक्तीचा पाहिला होता. त्यांच्या सासूबाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. निवृत्त झाल्या तरी लाल पेन्सिल सुटली नव्हती. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका काढत, मग तारीख बघत. तेव्हा बाईंनी प्रोग्रामला, कोण बघतंय म्हणून, इंग्रजी अक्षरांत ‘सासूबाई’ असं नाव देऊन टाकलं. त्यावरच्या लेखाचं शीर्षक मात्र इतकं रुक्ष ठेवलं, की वाचता वाचता नवऱ्यालाही झोप लागली. प्रोग्राम ज्याने मागितला त्याला फुकट दिला. घरी मात्र नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. सुनेला जिवाची भीती असतेच.

समितीची बैठक भरली. मधोमध अध्यक्ष, एका बाजूला आकडे काढणारे मापवाले साहेब, दुसऱ्या बाजूला परदेशातून आलेले पाहुणे, तेही सूर्यवालेच. साहेबांनी पडद्यावर अकरा दाखवला आणि उगाच खाकरले.

“बाई, तुमच्या कष्टांबद्दल वाद नाही,” अध्यक्ष म्हणाले. “पण तुमच्या कामाला बाहेर कोणी विचारत नाही असं दिसतंय. दुर्बीण बंद करावी असं आमचं मत झालंय.”

वाद घालायला बाईंकडे होतं काय? आकडा समोर होता.

तेवढ्यात पाहुण्यांनी हात वर केला. “मला एक विचारायचंय. आमच्याकडे सूर्याचं प्रत्येक चित्र आधी एस-ए-एस-यू-बी-ए-आय मधून जातं. ती पद्धत इथलीच, असं ऐकून आहे. तो गट कुठे बसतो?”

“कसला गट?” अध्यक्षांनी विचारलं.

“मोठाच असणार. एस म्हणजे सोलर, ए म्हणजे ऑटोमेटेड, पुढचा एस म्हणजे स्पॉट. शेवटच्या अक्षरांवर आमच्यात एकमत नाही. दोघे तर त्यावरून बोलायचे थांबलेत.”

बोलावं तर हे गावभर होणार आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. गप्प बसावं तर दुर्बीण जाणार. बाईंनी एकदा वर, गच्चीच्या दिशेने पाहिलं.

“ती अक्षरं नाहीत साहेब,” त्या म्हणाल्या. “ती माझी सासू आहे.”

अध्यक्षांनी ती अक्षरं कागदावर लिहिली, जुळवून वाचली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पाहुण्यांना अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी टेबलावर डोकंच टेकलं.

मापवाले साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी लेखांच्या शेवटच्या याद्या सोडल्या आणि लेखांच्या आत तो शब्द शोधायला लावला. पडद्यावर लेख येतच राहिले. इतक्या सवयीचा झालेला शब्द, की तो कुठून आला हे लिहायची कोणाला गरजच वाटली नव्हती. आकडा तीन हजारांपुढे गेला तेव्हा साहेबांनी चष्मा काढला. “आमची मोजपट्टीच तोकडी पडली,” ते म्हणाले. मोजमापाच्या धंद्यातल्या माणसाने असं म्हणायला मोठं मन लागतं.

“काखेत कळसा अन् गावाला वळसा,” अध्यक्ष म्हणाले, आणि दुर्बीण बंद करायचा ठराव त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. बाई गच्चीवर गेल्या, टोपी न घालता उभ्या राहिल्या आणि मनसोक्त रडल्या.

घरी गेल्यावर त्यांनी तो शब्द असलेला पाहुण्यांचा एक लेख सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे मी सूर्यातसुद्धा खोट काढते, असं जगभर झालंय?” सासूबाईंनी विचारलं.

“हो, आई.”

सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ लेख वाचला. चेहऱ्यावर राग की आनंद ते कळेना. मग हात पेन्सिलीकडे गेला.

“अगं, हे ‘ससूबाई’ कोण? काना कुठाय? इतकी वर्षं हे असंच छापलं जातंय?”

“आई, त्यांच्या लिपीत…”

“लिपी कुठलीही असू दे. माझं नाव आहे ते. दुरुस्त कर.”

बाईंनी मुकाट्याने दुरुस्त केलं. प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली ती पहिल्या एसपुढे एक जादा ए घेऊनच, आणि साऱ्या वेधशाळांना ती घ्यावी लागली. लगेच पाहुण्यांनी कळवलं, की त्यांच्याकडे पुन्हा वाद पेटलाय. हा नवा ए कशाचा?

उत्तर सासूबाईंनी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं: “तो काना आहे. तो नसेल तर आमच्याकडे सूर्यालाही पुढे जाऊ देत नाहीत.”