डॉलर चढावा की उतरावा

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, विनिमय दराशी आपला संबंध संपला. घरच्यांनी तो संपू दिला नाही.

माझ्या थोरल्या भावाचा इथे पेणलाच, माझ्या घराजवळ, गणपतींचा कारखाना आहे. त्याच्या काही मूर्ती दर उन्हाळ्यात जहाजाने अमेरिकेला जातात, पैसे डॉलरमध्ये येतात. धाकटी बहीण रोह्याला असते. तिच्या मुलीला गेल्या वर्षी अमेरिकेत प्रवेश मिळाला आणि फी डॉलरमध्ये भरायची होती. म्हणजे भावाला डॉलर चढायला हवा, बहिणीला उतरायला. आणि तो चढवण्या-उतरवण्याचं बटण माझ्या घरी आहे, अशी दोघांची खात्री.

सकाळी भाऊ दारातूनच विचारायचा, "काय गो, अजून चढंल ना?" तो गेला की रोह्याहून फोन. "ताई, रुपया परत घसरला म्हणे. सरकार करतंय काय?"

मी आपली वर्गात उभी असल्यासारखी सुरू व्हायचे. "हे बघ, आपण तेल बाहेरून आणतो. ते महागलं की आपल्याला डॉलर जास्त लागतात, म्हणून डॉलर वधारतो. तिकडे व्याज वाढलं की परदेशी लोक इथले पैसे काढून तिकडे नेतात. आपल्याकडे महागाई जास्त राहिली तरी रुपया उतरतो. फारच घसरला तर रिझर्व्ह बँक साठ्यातले डॉलर विकून सावरते. यातलं उद्या काय होईल ते..."

"म्हणजे उतरेल ना?"

एका रविवारी बहीण मुलीला घेऊन रोह्याच्या गाडीने आली. भाऊही जेवायला होता. आमटी वाढेपर्यंत दोघांची जुंपली.

"रुपया पडला तर पडू दे. आमचा धंदा त्याच्यावरच हाय," भाऊ म्हणाला.

"देशाची लाज जाते त्याचं काही नाही ना तुला?"

"भाव उतरला म्हणून लाज कसली जाते?" मी मध्ये पडले. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

मग भावाला युक्ती सुचली. "माझे डॉलर येतायत, तेच भाचीला देतो. बँक कशाला मधी?" बहिणीचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

"तसं करता येत नाही. कायद्याने ते पैसे इथल्या बँकेतच यावे लागतात," मी सांगितलं.

"मग तू इतकी वर्षं शिकवलंस काय?" बहीण म्हणाली.

मी ताट घेऊन उठले. तेवढ्यात भावाच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या व्यापाऱ्याचा निरोप आला. भाचीने मोठ्याने वाचून दाखवला: रुपया उतरल्यामुळे तुम्हाला आता जास्त रुपये मिळतात, तेव्हा मूर्तींचे दर कमी करा. भाऊ घास हातात धरून बसला. "आणि जहाजाचं भाडं? ते तर मी डॉलरमधीच भरतो! त्याचं काय?" हे त्याने व्यापाऱ्याला नाही, मला विचारलं.

शेवटी भाचीनेच निर्णय घेतला. अर्ध्या फीचे डॉलर लगेच घ्यायचे, बाकीचे दुसऱ्या सत्राच्या वेळी. मला ते पटलं. तसंच केलं. भावाने कुरकुरत थोडा दर उतरवला आणि मूर्ती रवाना केल्या. दुसऱ्या सत्रापर्यंत डॉलर आणखी चढला. बहिणीने फोन करून मला झाडलं, "सगळे तेव्हाच घ्यायला सांगायचंस!" उतरला असता तर पहिल्या अर्ध्यांसाठी झाडलं असतं.

आता भाची तिकडे रमली आहे. परवा तिचा फोन आला तो वैतागूनच. "मावशी, आईला सांग ना. मी कॉफी प्यायले तरी ती त्याचे रुपये करते आणि म्हणते, घरून डबा ने."

"मी तिला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तू कॉफी पी. फक्त तिला सांगू नकोस."