दोऱ्याला बांधलेलं बटण

“बटण दिसतं का, मास्तर?”

हौदाच्या काठावर उकिडवं बसून, पाण्यात सोडलेला दोरा दोन बोटांत धरून चाचा विचारत. दोऱ्याच्या टोकाला शिशाचा मणी आणि त्याच्यावर शिंपल्याचं एक पांढरं बटण. मणी तळाला टेकला की बोटांना कळायचं. बटण वरून दिसतं की नाही, ते मात्र डोळ्यांनीच सांगायचं. दिसलं तर पाणी पास.

पोहण्याचा हौद पाहिला तर आपण पाणी पाहतो. त्यामागची गाळणी कुणी पाहत नाही. मीही पाहिली नसती. जव्हारला संस्थानच्या शाळेत मी शिकवत असे, आणि शाळेआधी दरबारातल्या एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर त्यांच्या दोन मुलींना शिकवायला जात असे. साहेब विलायतेला जाऊन आले होते. तिथलं पाहून त्यांनी बागेत हौद बांधून घेतला होता. व्हरांड्यात आमचा धडा चाले, समोर चाचांचं काम.

गाळणी म्हणजे चुन्यात बांधलेली, मध्ये भिंत घातलेली दोन खणांची कुंडी. विहिरीचं पाणी पंपाने पहिल्या खणात पडे, रेतीच्या आणि खैराच्या कोळशाच्या थरांतून खाली झिरपे, भिंतीच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून दुसऱ्या खणात वर चढे आणि हौदात उतरे. चाचांचा मूळ धंदा कल्हईचा. पण पंपाचा चामडी वायसर कापण्यापासून कोळसा फोडण्यापर्यंत या कुंडीचं सगळं तेच करत. धुतलेल्या रेतीची चिमूट दाताखाली धरून पाहत. “माती असली तर विरघळते,” म्हणत, “रेती भांडते.”

रेती धुवायला जामसरची बायजी येई. तिच्या बोलीत साहेबांपासून सगळ्यांना ‘तू’च.

“चाचा, ही रेती काय नवरी हाय? कवढी न्हाऊ घालशील तिला?”

“नवरीच आहे,” चाचा म्हणत. “सासरी माझं नाव खराब नको करायला.”

पहिली दोन वर्षं बटण ते स्वतःच पाहत. मग एके दिवशी त्यांनी मला हाक मारली, आणि पुढे रोजच. शिकल्यासवरल्या माणसाला हा मान असावा, असं मला वाटलं. एकदा त्यांनी खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाला सलाम केला. मुली खुदखुदून हसल्या. चाचाही हसले. “कोट मास्तरांचाच ना? मग त्यालाही सलाम.”

त्याच दिवशी फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं. “डाव्या डोळ्यावर पुरा पडदा आलाय. उजव्यावर अर्धा. साहेबांना बोलू नका, मास्तर. बोटं आहेत अजून. बटण तेवढं तुम्ही सांगत जा.”

मी हो म्हटलं.

त्या वर्षी पाऊस सरला तरी हौद निवळेना. दसऱ्याला बंगल्यावर पाहुणे यायचे होते. बाईसाहेबांनी व्हरांड्यातूनच सांगितलं, “चाचा, दसऱ्याच्या आत पाणी स्वच्छ हवं. तुम्हाला झेपत नसेल तर ठाण्याहून माणूस बोलावू.” चाचांनी मान डोलावली. त्या आठवड्यात त्यांनी सगळी रेती तीनदा उपसली, बायजीबरोबर बसून तीनदा धुतली, आणि थर पुन्हा लावले.

चौथ्या सकाळी दोरा पाण्यात गेला. “दिसतं का, मास्तर?”

हातभर खाली सगळं तांबूस होतं. पण मी पाहत होतो ती त्यांची बोटं. रेतीने त्यांची सालं निघाली होती. पुन्हा ती कुंडी उपसायला सांगणं माझ्या तोंडून निघेना.

“दिसतं, चाचा.”

“दिसतं?” त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग गाळणी बरी आहे. आज हात लावत नाही तिला.”

बाईसाहेबांना मी म्हटलं, पावसाचा गाळ आहे, दोन दिवसांत बसेल. मला खरंच तसं वाटत होतं. निदान तसं वाटावं, अशी माझी इच्छा होती. तीन दिवस मी ‘दिसतं’ म्हणत राहिलो.

मग बायजीने डोक्यावरची पाटी उतरवली आणि हौदात डोकावली. “काय रं चाचा, पाण्यात म्हशी सोडल्यास काय?”

“तुझ्याच गावच्या असतील,” चाचा हसून म्हणाले. पण त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी पुस्तकाचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दोरा पाण्यात गेला, ताणला गेला, मणी तळाला टेकला.

“बटण दिसतं का, मास्तर?”

“दिसतं, चाचा.”

बोटांवर गुंडाळत त्यांनी दोरा हळूहळू वर घेतला. टोकाला नुसता शिशाचा मणी होता. मग त्यांनी डावी मूठ माझ्यासमोर उघडली. बटण तिथे होतं, कोरडं.

“तुमच्याही डोळ्यांवर पडदा आला वाटतं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मूठ मिटत म्हणाले, “नाही म्हणाला असतात, तर मी शोधलं असतं.”

आपल्या डोळ्यांबद्दल त्यांनी त्याच सकाळी साहेबांना सांगितलं आणि पंपाच्या खोलीची किल्ली व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली.

ठाण्याचा माणूस आला. त्याने दोन्ही खण उपसले. मधल्या भिंतीला, रेतीच्या थराच्या वरच केसाएवढी चीर गेली होती. वरचं पाणी रेतीला न शिवताच पलीकडे जात होतं. चुना भरायला त्याला तासभर लागला. जुनी रेती हातात घेऊन तो म्हणाला, “ही कुणी धुतली? अशी रेती मी पाहिली नाही.” तीच त्याने परत भरली. आणखी एक दिवस शोधलं असतं, तर चाचांचं बोट त्या चिरेवरून गेलंच असतं. पाणी स्वच्छ आहे, असं मी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी शोधलं नाही.

नंतर मी त्यांच्या घरी जात राहिलो. ते प्रेमाने बसवून घेत, मुलींच्या धड्यांची चौकशी करत. हौदाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. माफी मागायची म्हणून प्रत्येक वेळी निघायचो आणि हवापाण्याच्या गप्पा करून परत यायचो.

शेवटचा गेलो, त्यानंतर आठवड्याने ते गेले. त्या शेवटच्या भेटीच्या वेळी त्यांचे दोन्ही डोळे पुरते गेले होते. ते दाराशी उन्हात बसले होते, मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. चाचींनी माझ्यासाठी पेल्यात पाणी आणलं. पेल्याला आतून चाचांच्याच हातची कल्हई होती, चांदीसारखी.

चाचांनी चाचींच्या चाहुलीकडे मान वळवली. “पानी साफ है ना? मास्तर को देना है.”

“साफ है,” चाची म्हणाल्या.

पेला माझ्या हातात होता, ऊन सरळ त्यात पडत होतं. त्यांनी विचारलं चाचींना, मला नाही. मी पाण्याकडे न पाहताच पेला तोंडाला लावला.