पत्रातली पाटोडी आणि प्लॅटफॉर्मवरची

माझी बायको सीमेवर देशाचं रक्षण करते आणि मी नागपुरात, सक्करदऱ्याला कूलर दुरुस्त करतो.

हे वाक्य ऐकलं की लोक एकदा माझ्याकडे पाहतात आणि एकदा माझ्या पाठीमागे, म्हणजे खरा नवरा मागून गाडी लावून येत असेल अशा हिशेबानं. पण मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या घरात थंडीचा कारभार आम्ही रीतसर वाटून घेतलेला आहे. ती थंडी सोसते, मी थंडी विकतो.

वैशाली हवालदार आहे. गेल्या हिवाळ्यात तिची चौकी इतक्या उंचावर होती की तिथं ढग पायाखालून जायचे आणि मोबाइलची रेंज त्या ढगांच्याही खालून. कधीमधी फोन लागायचा, पण त्यात "हॅलो" आणि "ऐकू येते काय" याच्या पुढं आमचा संसार सरकत नव्हता. शेवटी तिनंच हुकूम काढला की आता पत्रं लिहायची. रसदीची गाडी वर जाईल तिच्यातून माझं पत्र जाणार, आणि खाली येईल तिच्यातून तिचं येणार.

आता वैशालीचं पत्र कसं असतं ते सांगतो. विजेच्या बिलातसुद्धा त्याहून जास्त जिव्हाळा असतो, निदान ते 'प्रिय ग्राहक' तरी म्हणतात! "मी ठीक. हवा थंड. जेवण चांगलं असतं. आईंच्या गुडघ्याला तेल लावा. झोपताना गॅस बंद करा. वैशाली." झालं. पूर्ण हिवाळाभर हाच मजकूर. एकदाच तिनं कमाल केली आणि वर एक ओळ वाढवली, "मागच्या आठवड्यात थोडं चालणं झालं, पाय दुखतात." ते पत्र मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कादंबरी असल्यासारखं वाचून दाखवलं.

माझं तसं नाही. आमचं घराणं विणकरांचं. आजोबांनी आणि बाबांनी जन्मभर मागावर लुगडी विणली. घरातले माग गेले, पण लांबच लांब ताणा घालायची सवय माझ्या रक्तात राहिली. पहिल्याच पत्रात मी स्वतःच्या हातानं चहा केल्याचं चार पानं लिहिलं. (चहा मी खरंच केला होता. उतू गेला तो भाग वगळला.) तिचं उत्तर आलं, "पत्र बराकीत वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. पुढचं लवकर टाका."

सगळ्या हसल्या! म्हणजे खूश झाल्या, असा मी त्याचा अर्थ लावला. लिहिणाऱ्या माणसाला एवढी झिंग पुष्कळ झाली. दुसऱ्या पत्रात मी वरण-भातावर आलो, तिसऱ्यात पोळ्या पौर्णिमेच्या चंद्रासारख्या गोल निघू लागल्या. तिच्या 'थोडं चालणं झालं'ला तर मी सणसणीत उत्तर पाठवलं. सीताबर्डीवरून येताना माझी स्कूटर बंद पडली आणि ती ढकलत मला सक्करदऱ्यापर्यंत यावं लागलं, त्याचं वर्णन! पायाला फोड आले, डोळ्यांपुढं अंधारी आली, वाटेत उसाचा रस घ्यावा लागला, सगळं लिहिलं. तिलाही कळू दे म्हटलं, चालणं कशाला म्हणतात ते.

मग मी पाटोडीला हात घातला.

पाटोडी म्हणजे बेसन शिजवून, थापून, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या वड्या, आणि त्यावर कानातून धूर काढणारा रस्सा. आमच्याकडे ही परीक्षेची वस्तू आहे. ज्या दिवशी आई ओट्यापाशी पाटोडी करत होती, त्या दिवशी मी स्टुलावर बसून पत्र लिहीत होतो. आई जे जे करत होती ते ते मी उतरवत गेलो, फक्त कर्ता बदलला! वास सुटल्यावर गल्लीतले लोक दारात रांग लावून उभे राहिले, आणि एका नामांकित सावजी भोजनालयाचा मालक हात जोडून कृती विचारायला आला, हेही मीच लिहिलं.

प्रत्येक पत्राच्या शेवटी चार बोटं जागा आईसाठी सोडायची, हा घरचा नियम. तिथं आई सुनेला आशीर्वाद लिहायची आणि पाकीट तीच चिकटवायची. सासू-सुनेच्या मजकुरात मी नाक खुपसत नाही. मी सभ्य माणूस आहे.

मार्च संपता संपता वैशालीचं पत्र आलं. "आमची तुकडी दक्षिणेकडे चालली आहे. गाडी नागपूरवरून जाते, अर्धा तास थांबेल. आम्हा वीसही जणींना तुमच्या हातची पाटोडी खायची आहे. मी हो म्हटलं आहे. तुम्हीच करून आणा. दिवस फोनवर कळवीन. वैशाली."

देशाच्या मधोमध राहण्याचा हा तोटा! उत्तरेचा माणूस दक्षिणेला निघाला की तो नागपूरवरूनच जातो, आणि इथल्या प्रत्येक माणसानं आयुष्यात एकदा तरी डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर धाव घेतलेली असते. पण वीस जणींचा डबा, तोही माझ्या हातचा, म्हणजे अतीच झालं.

मी आईकडे गेलो. "आई, तुह्या सुनेनं पाटोडी मागवली हाय."

"तुह्या हातची मागवली हाय," आई म्हणाली. "मले वाचता येते."

"तूच करून टाक ना वं माय. कोणाले समजते?"

"मी काहून करू? पत्रात लोकं माह्या पाटोडीसाठी रांग लावून राहिले होते काय?"

एवढं बोलून तिनं गुडघ्याला तेल लावायला घेतलं. (तेही स्वतःच. हे मी पत्रांतून माझ्या नावावर टाकलं होतं, ते तिला तेव्हा आठवलं असावं.)

फोन आला, "उद्या दुपारी." त्यात माझ्या अब्रूचा प्रश्न नव्हता, ती काय, कूलरसोबत दर पावसाळ्यात माळ्यावर जाते. पण वैशालीनं तुकडीपुढं 'हो' म्हटलं होतं. हवालदाराचं 'हो' म्हणजे हो असतं.

सकाळीच मी मोठं पातेलं चढवलं. पहिला घाणा इतका पातळ झाला की दुकानाच्या भिंतीला पिवळ्या रंगाचा एक हात आरामात बसला असता. आईनं खुर्चीवरूनच निकाल दिला, "बेसन घाल." मी बेसन घातलं. "अजून घाल." मी पुडाच उलटा केला. त्यावर आईनं खुर्ची जरा मागं सरकवली, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं. दोन मिनिटांत सराटा, म्हणजे उलथणं, पातेल्यात उभा राहिला तो उभाच. तो सोडवायला मला पान्हा आणावा लागला!

आता हे थापायचं कशावर? वीस जणींची पाटोडी मावेल एवढं ताट आमच्याकडे नाही. पण मी कूलरवाला माणूस! दुकानातून कूलरच्या बाजूचा कोरा पत्रा आणला, तीनदा धुतला, तेल लावलं आणि त्यावर सगळा गोळा थापला. त्या पत्र्याला हवेसाठी आडव्या फटी असतात हे जन्मभर त्या कापून माझ्या लक्षात आलं नाही. वरून पाटोडी थापत होतो आणि खालून शेव पडत होती. शिवाय मधे सगळं ओलंच वाटत होतं, म्हणून मी कूलरचा पंखा जोडला आणि फुल स्पीडवर तासभर हवा मारली. तासाभरानं बोटानं वाजवून पाहिलं तर पत्रा कुठला आणि पाटोडी कुठली, आवाजावरून सांगता येईना.

"भैताडा," आई म्हणाली, "हे खायचं हाय, छतावर टाकायचं नाही."

रश्श्याचं फार सांगत नाही. फोडणी दिली आणि समोरच्या घरात लोक शिंकत बाहेर आले, एवढंच सांगतो. दारात खरंच गर्दी जमली. पत्रातलं एक तरी वाक्य खरं ठरलं!

पण अशी पाटोडी घेऊन जायची हिंमत माझ्यात नव्हती. स्टेशनला निघालो तेव्हा सीताबर्डीला मी ऑटो थांबवला, एका भोजनालयातून झकास पाटोडी-रस्सा घेतला आणि आमचं नाव कोरलेल्या घरच्या स्टीलच्या डब्यात भरला. आई ऑटोत बसून सगळं पाहत होती. तिच्या मांडीवर दुसरा डबा होता, माझ्यावाल्या पाटोडी-रश्श्याचा.

"तो काहून आणला?"

"राहू दे," ती म्हणाली. "जड हाय, वाऱ्यानं उडणार नाही."

गाडी आली. हिरव्या वर्दीतल्या बाया पटापट उतरल्या आणि त्यात वैशाली दिसली. उन्हाबर्फानं चेहरा रापलेला, नाकाची साल निघालेली, वजन निम्मं झालेलं. मी चांगलं एक पानभर भाषण मनात तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "जेवली काय?"

"तुम्ही आणली ना," ती म्हणाली, "आता जेवीन."

आईनं तिचा डबाही माझ्या हातात दिला, कारण तिच्या पाया पडायला तर रांग लागली. सगळ्या 'अम्माजी, अम्माजी' करत वाकत होत्या, आणि आई एखाद्या पुढाऱ्यासारखी आशीर्वाद वाटत होती. मला हे जरा चमत्कारिक वाटलं. स्वयंपाक माझा, पत्रं माझी, आणि पाया हिच्या?

तेवढ्यात किरण नावाची हरियाणाची एक उंचपुरी शिपाई काठी टेकत पुढं आली. माझ्या दोन्ही हातांतल्या डब्यांकडे पाहून म्हणाली, "जीजाजी, दो डिब्बे? आपकी वाली कौन सी है?"

उजव्या हातात भोजनालय, डाव्या हातात मी. वैशाली डब्यांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. शपथेवर सांगतो, मला उजवा हात वर करायचा होता. मेंदूनं तसा हुकूमही दिला. पण वर गेला तो डावा!

"ही," मी म्हणालो. "दात सांभाळून."

किरणनं एक वडी उचलली, उलटी केली. खालच्या बाजूला फटींच्या रेघा एकसारख्या उमटल्या होत्या. "यह डिज़ाइन कैसे बनाया?"

"कूलरचा आहे."

तिनं चावा घेतला. आवाज झाला. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसानं वळून पाहिलं. मग तिनं वडी रश्श्यात बुडवली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिनं दुसरी उचलली. पाठोपाठ सगळ्यांनी हात घातले. वैशालीनं चक्क तीन खाल्ल्या आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं ना? पत्रात काहीही लिहितील, तोंडावर खोटं नाही बोलणार." तेव्हा कळलं की बराकीत पैज लागली होती. अर्ध्या जणी म्हणत होत्या की हा हॉटेलातून आणणार. हरलेल्यांनी आता महिनाभर सगळ्यांचे मोजे धुवायचे होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, की मला..."

"जीजाजी," किरण म्हणाली, "पहले आपकी चिट्ठी सुनते थे, फिर नीचे अम्माजी की दो लाइन। आप चार पन्ने लिखते थे पाटोडी पर। अम्माजी लिखती थीं, पाटोडी मैंने बनाई, इसने सिर्फ़ डिब्बे का ढक्कन लगाया।"

मी आईकडे पाहिलं. आई गाड्यांच्या वेळापत्रकाचा फलक मन लावून वाचत होती.

"हसून हसून बुरा हाल होता था," किरण सांगत होती. "और वह स्कूटर वाली चिट्ठी! मैं प्लास्टर में पड़ी थी। इतना हँसी कि डॉक्टर ने डाँटा।"

"प्लास्टर कशाचं?" मी विचारलं.

ती वैशालीकडे पाहू लागली. "दीदी ने लिखा नहीं? बर्फ़ में मेरा पैर टूटा था। यही मुझे पीठ पर लादकर नीचे लाई। सुबह से शाम तक।"

थोडं चालणं झालं, पाय दुखतात!

आणि मी तिला सीताबर्डी ते सक्करदरा लिहून पाठवलं होतं. उसाच्या रसासकट. मला प्लॅटफॉर्मवर बसावंसं वाटलं.

"अहो, चालणंच झालं," वैशाली हळू आवाजात म्हणाली. "एकीचं दोघींसाठी, एवढंच."

शिट्टी झाली. उरलेल्या वड्यांचा डबा घेऊन चढता चढता ती वळली आणि म्हणाली, "लिहीत राहा. तिकडेही सगळ्या वाट पाहतील. आणि आईंसाठी चार बोटांच्या जागी आठ सोडा." मला सलाम करता येत नाही. मी हात वर केला तो गिऱ्हाइकाला कूलरची उंची दाखवतात तसा गेला. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो मी खाली घेतला नाही.

घरी आल्यावर आम्ही माय-लेकानं भोजनालयाची पाटोडी खाल्ली. आई म्हणाली, "याची चव बरी हाय. पण मजबुती तुह्यावालीतच."

परवा वैशालीचं पत्र आलं. "नवी जागा ठीक. जेवण चांगलं असतं. पाटोडी संपली, एक वडी उरली. बराकीचं दार वाऱ्यानं आपटत होतं, त्याखाली लावली आहे. आता दार हलत नाही. वैशाली."

तेव्हापासून दुकानात कोणी विचारलं तर मी छाती काढून सांगतो की आमच्या घरच्या दोघी देशसेवेत आहेत, एक बायको आणि एक पाटोडी, आणि दोघीही वाऱ्याला हटत नाहीत. राहिलो मी. मी डब्याचं झाकण लावतो.