दोन खोल्यांचा सौदा

माझ्या लेकीने आणि जावयाने मला फसवलं. भर समुद्रात, माझ्याच पद्धतीने, आणि वर गोडधोड खायला घालून.

मी मुरुडची. नारळ-सुपारीचा धंदा करते. नवरा गेला तेव्हा लेक चौथीत होती. मी किनाऱ्यावर शहाळी विकायला बसले, आणि आज आसपासच्या चाळीसेक वाड्यांचे नारळ झाडावर असतानाच मी त्यांचा सौदा ठरवून टाकते. माडाखाली उभं राहायचं, वर बघायचं, आणि किती उतरतील ते सांगायचं, एवढंच माझं शिक्षण. वाडीवाले मास्तर, बँकेतले साहेब असे शिकलेले लोक. ते मला बघितलं की आधी चहा मागवतात आणि मग भाव काढतात, कारण भाव निघाल्यावर चहा प्यायला कुणी जागेवर राहत नाही. तापट आहे मी. लपवत नाही.

नातू सहा महिन्यांचा झाला आणि लेकीची रजा संपली. ती आणि जावई पनवेलला, दोघांच्या नोकऱ्या. तिने बाळाला माझ्याकडे आणून ठेवलं. शनिवारी दोघं यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. बाकीचे दिवस तो माझा. त्याला झोप लागायची ती माझ्या पायांवर. मी भिंतीला टेकून पाय लांब करायचे, त्यावर त्याला निजवायचं आणि पाय हलवत राहायचं. दोन वर्षांचा झाला, त्याचे पाय माझ्या गुडघ्यांपलीकडे यायला लागले, तरी तसाच. लेकीला हे सांगायची गरज नव्हती. तीही लहानपणी तशीच झोपायची.

होळी झाल्यावर जावयांचा फोन आला. "आई, या वेळी सगळे क्रूझवर जाऊ. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री. तुम्ही कधी सुट्टी घेतलीच नाहीत."

"मी सुट्टी घेतली म्हणून नारळ पडायचे थांबतील का?"

"बाळाला मोठी बोट तरी दाखवू."

तिथे मी विरघळले. बंदरावर होडी दिसली की हा माझ्या कडेवर 'बोत, बोत' करत असा उसळायचा की कंबर धरावी लागायची.

मग खोलीचं निघालं. "चौघांची एक बाल्कनीवाली खोली आहे," जावई म्हणाले, "पण भाव ऐकून तुम्ही ओरडाल."

"सांगा तर."

त्यांनी सांगितला. मी ओरडले. "तेवढ्यात मी अख्ख्या वाडीला कुंपण घालीन! बाल्कनी हवीय कशाला? समुद्र बघायला? तो मला मोरीतून दिसतो."

"मग काय करूया? तुम्हीच सांगा, आई."

हे 'तुम्हीच सांगा' मी गेली वीस वर्षं लोकांना म्हणत आले आहे. समोरच्याला वाटलं पाहिजे की त्याने स्वतःच ठरवलं, मग तो शब्द फिरवत नाही. त्या दिवशी ते मलाच म्हटलं गेलं आणि माझ्या डोक्यावरून गेलं. मी हुकूम सोडला: तुम्ही दोघं साध्या खोलीत राहा, मला खालची बिनखिडकीची चालेल, बाळ माझ्याकडे.

"बाळाचं नाव आईबापाच्याच खोलीत लागतं, जहाजाचा नियम आहे," ते म्हणाले. "पण ते कागदावर हो. झोपायला तुमच्याकडेच."

फोन ठेवला तेव्हा मी खूश होते. भाव पाडला होता ना.

मांडव्याहून गाडीसकट बोटीने मुंबईला गेलो आणि तिथून जहाजावर. चढतानाच माझा डबा काढून घेतला, मऊ भाताचं पीठ आणि मेतकूट. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. आत दोनशे पदार्थ मांडलेले, आणि हा त्यातलं काही तोंडात घेईना. 'भात, भात' करत राहिला. मी आचाऱ्याशी भांडून वाटीभर गरम भात आणि तूप मिळवलं. पोहायच्या हौदात लंगोटवाल्या मुलांना बंदी. हे पैसे भरून झाल्यावर कळलं. जावई पाटीपुढे नवी चड्डी हातात घेऊन उभे होते. अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस मुलांना हसवायला आला, त्याला बघून आमचा असा किंचाळला की अस्वलच मागे सरकलं. पण लिफ्ट त्याला आवडली. आम्ही अकरा वेळा वरखाली केलं.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर लेक म्हणाली, "तो दमलाय गं. आमच्याच खोलीत झोपेल."

"पायांवर घेतल्याशिवाय?"

"झोपेल. नाहीच झोपला तर आणून देते तुझ्याकडे."

त्यांची खोली माझ्या वर तीन मजले. मी माझ्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसून राहिले. कुणी आलं नाही. उशाशी खोलीतला फोन होता, तो वाजला नाही. म्हणजे झोपला, असं समजून मी आडवी झाले. झोप काही आली नाही.

सकाळी नाश्त्याला तो मला बघून हात पसरून धावत आला आणि तोंड उघडलं, पण 'आज्जी' बाहेर येईना. गळा बसला होता. डोळे सुजलेले.

"एसीने होतं असं," लेक म्हणाली आणि बशीत बघत बसली.

दुपारी मी त्याला घेऊन खालच्या काउंटरवर गेले. म्हटलं, वरच्या मजल्यावर यांच्या शेजारची खोली मिळते का बघू, फरक भरीन. तिथे बसलेली बाई मराठी होती. तिने आमचं नाव काढून बघितलं. "खोली रिकामी नाही, आजी. पण बाळाला तुमच्या खोलीत घ्या ना. आईवडिलांची सही लागते फक्त."

"नियम नाही म्हणे तसा."

"आहे की. पुष्कळ आज्या घेतात." मग तिने आणखी जरा बघितलं. "तुम्ही दोन खोल्या का घेतल्यात? चौघांची एकच घेतली असतीत तर स्वस्तच पडली असती."

बाळ तिच्या टेबलावरची घंटी वाजवत होता. मी त्याला थांबवलंसुद्धा नाही. झाडाकडे बघून नारळ सांगणारी मी, आणि माझ्या जावयाने फोनवर एक फुगवलेला आकडा फेकला, आणि मी स्वतःच्या तोंडाने, ओरडून, नातवापासून तीन मजले लांबची खोली मागून घेतली.

तरी एवढ्यासाठी मी गप्प बसले असते. सौद्यात हरले, दुसऱ्या सौद्यात भरून काढते. पण वर जाताना लिफ्टमध्ये एक बाई भेटली, लेकीच्या शेजारच्या खोलीतली. तिने बाळाचा गाल धरला. "तूच ना रे काल रडत होतास? तुम्ही आज्जी का? दोन तास आज्जी, आज्जी चाललं होतं याचं. आम्ही शेवटी दार वाजवलं. त्याची आई म्हणाली, सवय लावतोय."

मी माझ्या मजल्यावर न उतरता सरळ डेकवर गेले. दोघं आरामखुर्च्यांवर पडले होते.

"कसली सवय लावताय?" मी विचारलं.

जावई उठून बसले. "आई, शांत बसा आधी."

"मी बसायला नाही आले. कसली सवय?"

लेकीने चष्मा काढला. "जूनपासून त्याला पनवेलला नेतोय. नर्सरीत नाव घातलंय. तुझ्याशिवाय झोपायला शिकायला नको का?"

"आणि हे मला कधी सांगणार होतात? जूनमध्ये?"

"सांगितलं असतं तर तू सौदा केला असतास! आधी गणपतीपर्यंत म्हणाली असतीस, मग दिवाळी, मग पुढचं वर्ष. तुझ्याशी कोण जिंकलंय, आई?"

"मुरुडात केलं असतंत हे. माझ्या घरात."

"तिथे तू दार फोडून आली असतीस."

आले असते. खरं आहे ते. पण त्या क्षणी खऱ्याशी मला काही घेणं नव्हतं. माझा आवाज चढला, मग आणखी चढला, खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. मी जावयाला खोटारडा म्हटलं, लेकीला त्याहून वाईट. आणि माझ्या कडेवरचा पोर बसलेल्या गळ्याने रडायला लागला. आवाज नाही, नुसती हवा. त्याने आईकडे हात केले. लेकीने त्याला घेतलं, आणि त्याने तिच्या मानेत तोंड लपवलं. माझ्यापासून लपवलं.

जावई हळू आवाजात म्हणाले, "आज रात्री घेऊन जा, आई. राहू दे."

लेक म्हणाली, "आज दिला तर कालचं फुकट जाईल."

कालचं फुकट जाईल. हे माझी मुलगी बोलली, पोटच्या पोराच्या रडण्याबद्दल.

परतीच्या सकाळी जावयांनी दूरवरची निळी रेघ दाखवली, "तिकडे कुठेतरी तुमचं मुरुड." मी पाठ केली.

जून उलटून गेला. तो पनवेलला आहे, शाळेत जातो, एकटा झोपतो असं ऐकते. पोरी, मूल तुमचं, हक्क तुमचा. मी हसत हसत सोडलं असतं असं खोटं बोलणार नाही. भांडले असते, महिने वाढवून मागितले असते, आणि शेवटी पिशवी भरून दिली असती, कारण ठरलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. ती संधी तुम्ही मला दिली नाहीत. तिची किंमत तुम्ही त्या पोराच्या गळ्यातून वसूल केलीत.

आता फोनवर मला हवापाणी विचारू नकोस, गुडघे कसे आहेत विचारू नकोस. दोन तास तो माझं नाव घेत होता. मी जागी होते. तुझ्या पलंगाशेजारी फोन होता. तू तो उचलला का नाहीस? मुरुडला ये, नवऱ्याला घेऊन ये, माझ्यासमोर बस, आणि सांग.