सुटेबल नाही

हिंगोलीहून एसटीनं जाऊन-येऊन मी एका तालुक्याच्या कॉलेजात नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. तेही तासिका तत्त्वावर. उन्हाळा लागला की आमची गरज संपायची. नवव्या वर्षी तिथं इंग्रजीची कायम जागा निघाली. राखीव, आमच्याच प्रवर्गाची. आम्ही चौघं उमेदवार होतो आणि चौघंही पीएचडी झालेले.

मुलाखतीला टेबलापलीकडं पाच जण होते. एकानं आडनाव विचारलं, दुसऱ्यानं गाव. साखरा म्हटल्यावर, गावात घर कुठल्या बाजूला, असंही विचारलं. विहाराच्या मागं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग अध्यक्षांनी विचारलं, खेड्यातून येऊन इंग्रजीच का घेतलं? मी इंग्रजीत बोलायला लागले तर म्हणाले, मराठीत सांगा. सात-आठ मिनिटांत मी बाहेर आले.

चार दिवसांनी नोटीस बोर्डावर एका ओळीचा इंग्रजी कागद लागला. एकही उमेदवार ‘सुटेबल’ आढळला नाही. मी वाचत होते तेव्हा माझ्या मागं सेकंड इयरच्या मुलीही वाचत होत्या. एकीनं हळूच विचारलं, “मॅडम, तुमचं पण न्हाई का?” न्हाई म्हणाले आणि पुढचा तास घेतला.

शनिवारी गावी गेले. वडिलांनी जन्मभर गवंडीकाम केलं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. दारातच बसले होते.

“काय झालं माय?”

“सुटेबल न्हाई म्हणले.”

“म्हंजे?”

या शब्दाचे अर्थ मी दरवर्षी फळ्यावर लिहायची. योग्य, साजेसा, सोयीचा. वडिलांपुढं त्यातला एकही तोंडातून निघेना. मी म्हणाले, “लायक न्हाई.”

ते म्हणाले, “कशाला लायक न्हाई?”

नऊ वर्षं मी पोरांना सांगत आले होते की या विशेषणामागं ‘फॉर’ लागतो. कशासाठी सुटेबल, ते सांगावं लागतं, नाहीतर वाक्य अर्धं राहतं. बोर्डावरच्या कागदात ‘फॉर’ नव्हता. ते मला दिसलं नव्हतं, वडिलांनी विचारलं तेव्हा दिसलं.

सोमवारी तासिकेचे नऊ जुने आदेश घेऊन मी प्राचार्यांकडं गेले. प्रत्येकात इंग्रजीत एक ओळ होती: तासिका तत्त्वावरील अध्यापनासाठी आपण सुटेबल आढळला आहात. तिथं ‘फॉर’ बराबर होता. मी विचारलं, तासांपुरती सुटेबल आणि कायमला नाही, हे कसं?

त्यांनी नऊही कागद नीट वाचले. माझ्या शिकवण्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, म्हणाले.

“मग, सर?”

“मॅडम, समितीला कारण द्यावं लागत नाही. तेवढा शब्द पुरतो.”

मग त्यांनी चहा मागवला आणि मी तो प्यायले. त्या चहाचा राग मला अजून येतो.

चौघांतला एक जण कोर्टात जाऊ म्हणत होता. त्यानं दोनदा फोन केला. निदान दोन सह्या तरी पाहिजेत, म्हणाला. आहेत ते तासही जातील या भीतीनं मी नाही म्हणाले. एकट्यानं त्यालाही जमलं नाही. आता वारंगा फाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नांदेडला जाताना बस तिथं थांबते, तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडं बघते. समितीवर रागवायचा मला हक्क आहे. सही मीच दिली नाही, त्याबद्दल कुणावर रागवायचा तोही नाही.

ती जागा पुन्हा निघाली नाही. जुलैत प्राचार्यांचा फोन आला, मुलं तुमची वाट बघून राहिलीत. आदेश तयार होता. मी सही केली.

वडिलांनी नोकरीचं नंतर कधी विचारलं नाही. गावात कुणी चौकशी केली तर, लेक कॉलेजात शिकवते, एवढंच सांगतात. मी घरात असले तर तेही हळू आवाजात.