निळ्या ड्रममधलं पाणी

जिना चढताना टाकीमामा तीनदा कठड्याला टेकून थांबले. साठी उलटली होती, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता आणि दातांचा दवाखाना नेमका तिसऱ्या मजल्यावर. दात ठणकत असलेल्या माणसाला एवढं चढायला लावणारा घरमालक कसल्या काळजाचा असेल, हा विचार त्यांच्या मनात दर खेपेला यायचा आणि दुसऱ्या मजल्यावर दम लागला की विरून जायचा.

अठ्ठावीस वर्षं ते लोकांच्या माशांच्या टाक्या धूत आले होते. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. सगळ्या टाक्या गोड्या पाण्याच्या. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी समुद्रातल्या माशांची, खाऱ्या पाण्याची टाकी मागितली, तेव्हा मामा "जमेल की" म्हणून मोकळे झाले. या वयात नवं शिकायचं म्हणजे नाकी नऊ येतात, पण त्यांनी जमवलं. मीठ कालवून पाणी तयार केलं, टाकी महिनाभर नुसती चालवली, मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे सोडले. आज महिना होत आला होता आणि सकाळीच बाईंचा फोन आला होता.

"मामा, काचेवर तपकिरी शेवाळ चढलंय, मासे धापा टाकतायत. पेशंट मला विचारतात, टाकी अशी तर अवजारं कशी असतील? मावशींना मी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. मासे नाही सुधारले तर दुसरी बाई बघणार. सांगितलेलं नीट ऐकत नसतील, तर त्यांच्या हातात अवजारं उकळायला कशी देऊ?"

मावशी म्हणजे नऊ वर्षं दवाखाना उघडणारी, पुसणारी, अवजारं उकळून ओळीनं मांडणारी बाई. टाकीचं रोजचं बघणं तिच्याच गळ्यात पडलं होतं. आज शुक्रवार होता.

मामांनी टाकीसमोर बैठक मारली. शेवाळाचं त्यांना काहीच वाटलं नाही. लहान मुलाला दात येताना जशी कुरकुर, तसं नव्या टाकीला हे शेवाळ. काच पुसत राहायची आणि वाट बघायची, आपोआप जातं. पण मासे खरंच वाईट होते. दोघं कोपऱ्यात वरच्या बाजूला चिकटलेले, पर अंगाशी मिटलेले, कल्ले भराभर हलतायत. कालचे खाण्याचे दाणे तळाशी तसेच पडलेले.

त्यांनी पिशवीतून खारटपणा मोजायची नळी काढली. मागच्या दोन खेपांना ती घरीच ठेवली होती. पिशवी जड होते, जिना उंच, आणि काच पुसून निघालं की झालं, असा हिशेब. कंटाळा दुसऱ्या कुणाचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकून त्यांनी ती डोळ्याला लावून खिडकीकडे धरली. पस्तीस हवं होतं. बेचाळीस भरलं.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. गॅसवर विसरलेली भाजी आटून खारट होते, त्यातलाच प्रकार. म्हणून टाकीतलं पाणी उतरलं की वरून साधं, गाळलेलं पाणी घालायचं. इथे कुणीतरी रोज खारंच ओतलं होतं.

दोन पेशंटच्या मध्ये बाई बाहेर आल्या. "काय निघालं?"

"मीठ वाढलंय," मामा बोलून गेले.

"मावशी!" मावशी हात पुसत आली. "टाकीत पाणी कुठलं घालता?"

"निळ्या ड्रममधलं. मामांनी सांगितलं तसंच."

निळा ड्रम मामांचाच. दर पंधरवड्याला टाकीचं थोडं पाणी बदलायला त्यांनी तो मीठ कालवून भरून ठेवलेला. आणि त्याच क्षणी मामांना आपलं बोलणं आठवलं. गोड्या पाण्याच्या प्रत्येक टाकीपाशी अठ्ठावीस वर्षं म्हणत आलेलं वाक्य: 'नळाचं ओतू नका, मी ड्रममध्ये ठेवलेलं तेच घाला.' तिथे ड्रममध्ये साधंच पाणी असायचं, पण वाक्य तोंडाला इतकं बसलेलं की इथेही तेच निघालं होतं. जित्याची खोड.

"मामा, तुम्ही असं सांगितलं होतं?"

"नळाचं घालू नका, असं म्हणालो होतो मी," मामा म्हणाले. खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं त्यांनी गिळलं.

बाईंनी मावशीकडे एकदा बघितलं आणि त्या आत गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी बिनबोभाट होते.

मामांनी रबरी नळी लावून खारं पाणी बादलीत उतरवायला घेतलं, त्याच्या जागी गाळलेलं साधं भरायचं होतं. घाईही करून चालणार नव्हतं. मीठ एकदम उतरलं तर मासे त्या धक्क्यानंच जातात. आज थोडं, उद्या थोडं, परवा थोडं, म्हणजे जिना आणखी दोनदा. बादली भरली तेव्हा उचलायला गुडघा सरळ होईना. मावशीनं येऊन बादली उचलली, मोरीत ओतून आणली. दुसरी भरली, तीही नेली.

नळी सरकवताना मामांचा हात टाकीच्या मागच्या भिंतीला लागला. तिथे चिकटपट्टीनं लावलेला कागद होता, गोल अक्षरातला: 'पाणी उतरलं की निळ्या ड्रममधलं भरणे. नळाचं बिलकूल नाही. मामांनी सांगितले.' वर तारीखसुद्धा.

"हा कागद तुम्ही बाईंना का नाही दाखवलात?" मामांनी विचारलं.

मावशी बादली ठेवत म्हणाली, "काय करायचंय दाखवून? मला काय, कुठेही काम मिळेल. हे काम गेलं तर तुम्हाला या वयात कोण उभं करणार? जिन्यात तुमचा दम दर खेपेला वरपर्यंत ऐकू येतो."

मामांना तोंडात मारल्यासारखं झालं. कीव करायची ती त्यांनी, आणि करत होती मावशी. त्यांनी कागद भिंतीवरून सोडवला आणि दार ठोठावून थेट आत गेले. खुर्चीत एक माणूस तोंड वासून पडला होता.

"बाई, चूक माझी आहे. निळ्या ड्रमचं मीच सांगितलं होतं. मघाशी अर्धंच बोललो. या बाईनं मी सांगितलं त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही." कागद त्यांनी पुढे धरला.

बाईंनी तो हातमोज्यानं न शिवता वाचला. यंत्राची घरघर थांबली. तोंड वासलेला माणूस एकदा बाईंकडे, एकदा मामांकडे बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला मत द्यायची सोय नव्हती.

"मावशींना सांगा, सोमवारचं मी मागे घेतलं," बाई शेवटी म्हणाल्या. "मी बाहेर येऊन बोलतेच त्यांच्याशी. आणि मामा, मासे सावरेपर्यंत तुम्ही या. पुढचं मला विचार करावा लागेल."

"करा," मामा म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, आणि तेवढंच हलकंही.

बाहेर मावशी बादलीपाशी उभी होती. मामांनी निरोप सांगितला. ती हसेल, निदान 'बरं झालं' म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती पेशंटच्या बाकड्यावर मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"अहो, रडताय काय? तुम्हाला तर कुठेही काम मिळणार होतं ना?"

"चार ठिकाणी विचारून आले या आठवड्यात," ती पदराआडून म्हणाली. "पन्नाशीच्या बाईला कुणी दारात उभं करत नाही, मामा."

मामा तिच्या शेजारी बाकड्यावर बसले. बादली अर्धी भरली होती, तिकडे बघायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.